रुईची सात पानं

१२ नोव्हेंबर २००५

राघूचा रक्तगट बदलला. आज रिपोर्ट हातात आला.

लग्नाच्या वेळी आम्ही दोघंही ओ पॉझिटिव्ह होतो. "म्हणजे एकमेकांना रक्त चालेल," असं तो मिरजेला आमच्या बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाला आणि बाबांना जावई तिथल्या तिथे पसंत पडला. आता तो बी पॉझिटिव्ह आहे. जयवंतीसारखा. ऑगस्टमध्ये त्याच्या या धाकट्या बहिणीच्या हाडातला मगज काढून त्याच्या शिरेत सोडला, तेव्हाच डॉक्टर श्रीदेवी म्हणाल्या होत्या की काही महिन्यांनी याचं रक्त बहिणीसारखं होईल. तेव्हा ते पुस्तकातलं वाटलं होतं. आज कागदावर छापून आलं.

कॅन्सर गेला, नवं रक्त धरलं, यापेक्षा चांगली बातमी नाही. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. जयवंतीच्या घरी फोनवर सांगितलं की आनंदाने रडले. खरं म्हणजे जळफळाट झाला.

लग्न ठरवताना आमचे छत्तीसपैकी एकतीस गुण जुळले होते. आई गावभर सांगत सुटली होती. डॉक्टरांनी भावाबहिणीचे पेशींचे गुण सहापैकी सहा जुळवले आणि माझे एकतीस कुणी विचारलेसुद्धा नाहीत. "बायकोचं तपासण्यात अर्थ नसतो," म्हणाल्या.

हे सगळं इथे बिनधास्त लिहिता येतं. या घरात मराठी बोलणारे आहेत, वाचणारी मी एकटीच. राघूचे पूर्वज तंजावरला येऊन शेकडो वर्षं झाली. बोली टिकली, पण अक्षरं तमिळ झाली. वही जेवणाच्या टेबलावर उघडी राहिली तरी चालेल.

२० नोव्हेंबर, रविवार

जयवंती आली होती. दर रविवारी येते. जॉर्ज टाउनात तिच्या नवऱ्याचं, कृष्णस्वामींचं, कागदाचं घाऊक दुकान आहे, ते रविवारी बंद असतं. इथे मैलापूरला आमच्याकडे बसने येते, तोंडाला फडकं बांधूनच जिना चढते, चपला खाली ठेवते, कोपरापर्यंत हात धुते. तिच्यात खोट काढायला जागा नसते, हीच तिची मोठी खोट.

माझ्या ओट्याशी उभं राहून तिने कारल्याची पिटलै, म्हणजे इकडची डाळ घालून केलेली आमटी, केली. राघूने जन्मात कारलं खाल्लेलं नाही. आठ वर्षांत मी किती तऱ्हेने करून पाहिलं! आज त्याने दोनदा मागून घेतलं.

"अण्णाच्या आंगांत आतां माझं रक्त की, वैनी," ती हसून म्हणाली. "कारलं मागल्याविना कसं राहील?"

राघूही हसला. तिच्यासारखाच, डोळे मिटून. आधीही तो असाच हसायचा का, ते मला आठवेना. मीही हसले आणि स्वयंपाकघरात जाऊन कुकरचं झाकण जरा जोरात आपटलं.

१८ डिसेंबर

गेल्या आठवड्यात राघूच्या तळहातांवर लाली आली आणि कानामागची कातडी सुटायला लागली. आम्ही घाबरून दवाखान्यात गेलो. डॉक्टर श्रीदेवींना फारसं आश्चर्य वाटलं नाही.

"दुसऱ्याच्या पेशी म्हणजे पहारेकरी," त्या म्हणाल्या. "नव्या घरी आलेत. घर ओळखीचं नाही. कातडी दिसली की विचारतात, ही कोण परकी? मग तिच्याशी भांडतात."

मला हसू आलं. या घरात आले तेव्हा मलाही सगळं असंच परकं वाटायचं.

म्हणजे जयवंतीचं रक्त राघूच्या कातडीशी भांडतंय. हे ऐकून मला बरं वाटलं, हे कुणाला सांगू? सहापैकी सहा जुळून शेवटी भांडण झालंच की. घरी येताना रिक्षात मी गुणगुणत होते. राघूने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही.

मलम दोनदा लावायचं. पूर्ण बाह्यांचे कपडे, बाहेर जाताना छत्री, ऊन अजिबात नको. मलम मी लावते, दुसऱ्या कुणाला लावू देत नाही. सकाळी अंबत्तूरला ऑफिसला निघण्याआधी आणि आल्यावर. पाठ, मान, हात. त्याच्या पाठीवर डावीकडे तीळ आहे, तो मला बघूनच कळतो, बोटालाही कळतो. आतलं सगळं तिचं झालं. निदान बाहेरचं माझं आहे.

१४ जानेवारी २००६

पोंगल. जयवंती पहाटेच हजर. हळदीचं रोप भांड्याच्या गळ्याला कसं बांधायचं, तांदूळ कधी घालायचे, सगळं तिनेच. मी दोरा बांधायला गेले तर म्हणाली, "आमच्या घरी असं नाही बांधत, वैनी."

आमच्या घरी! मी इथे आठ वर्षं राहते. सासूबाई, राजसबाई, जाऊन दोन वर्षं झाली. जाताना कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. रीतीभाती मात्र मुलीकडे गेल्या. किल्ल्या घेऊन मी काय करू?

राघूचे हात बरे आहेत. लाली उतरली. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यातून त्याच्या साहेबांचा फोन आला होता, जूनपर्यंत ये म्हणाले. तो कंपनीच्या बसच्या वेळा आठवून सांगत बसला. इतका खूश मी त्याला कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

१ फेब्रुवारी

शनिवारी रथसप्तमी. या लोकांत त्या दिवशी रुईची सात पानं अंगावर ठेवून आंघोळ करतात. डोक्यावर एक, खांद्यांवर दोन, गुडघ्यांवर दोन, पावलांवर दोन. इथे रुईला एरुक्कम् म्हणतात. सासूबाई असताना राघूच्या अंगावर त्या ठेवायच्या. मागच्या वर्षी जयवंतीने ठेवली, मी बादली भरून देत होते.

आज तिचा फोन आला. "वैनी, या वर्षी एरुक्कम् पान नक्को. अण्णाचं आंग कोंवळं आहे. पुढल्या वर्षी पाहूं, सेरी?"

सेरी म्हणजे ठीक. मी "ठीक" म्हटलं आणि फोन ठेवून धुमसत बसले. शनिवारी तिला दुकान सोडून येता येणार नाही, म्हणून या वर्षी नको! ती नसेल तर सणच नको. नवरा माझा, घर माझं, आणि आंघोळ घालायची की नाही हे जॉर्ज टाउनातून ठरणार.

४ फेब्रुवारी, शनिवार

आजचा दिवस माझा होता.

देवळाबाहेरच्या फुलवालीकडून काल पानं आणून ठेवली. सकाळी गच्चीवर पाट मांडला. राघू वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, नेसून उघडा बसला. आधी का कू करत होता. "डॉक्टर ऊन नक्को म्हटलेत की गं."

"दुपारचं ऊन," मी म्हटलं. "हे कोवळं. कोवळ्या उन्हात तर तान्ह्या बाळाला निजवतात."

मग त्याने डोकं पुढे केलं. डोक्यावर नुकते कुठे केस आलेत, त्यावर एक पान ठेवलं. मग खांदे, गुडघे, पावलं. डाव्या खांद्यावरच्या पानाच्या देठातून चीक ओघळला, तो मी अंगठ्याने पुसून तिथेच चोळला. तांब्याने पाणी घातलं. पानं एकेक करून घसरली. मंत्र त्याने म्हटला, सगळा पाठ. मला वाटलं, सासूबाई बघत असत्या तर किल्ल्यांबरोबर हेही मलाच दिलं असतं.

आणि एवढ्यावर थांबेन तर मी कसली मिरजेची! आमच्याकडे रथसप्तमीला अंगणात गोवऱ्या पेटवून त्यावर दूध उतू घालतात, सूर्याकडे. इथे आठ वर्षांत एकदाही केलं नव्हतं. जयवंती म्हणाली असती, आमच्या घरी असं नाही. आज केलं. गोवऱ्या दमट होत्या, पेटायला फार वेळ लागला. तोवर सूर्य चांगला वर आला. राघू ओल्या अंगाने तसाच बसून होता. मी म्हटलं, पाठ शेकून घे. किती दिवसांनी तुझी पाठ उन्हात दिसतेय. तो हसून माझ्याकडे बघत राहिला. शेवटी दूध उतू गेलं, बरोबर पूर्वेला. मी टाळ्या वाजवल्या.

खाली येताना तो म्हणाला, "जयाला सांगू नको हं. आपल्या दोघांतच असूं दे."

आपल्या दोघांतच! किती दिवसांनी आमच्या दोघांत काही तरी आहे.

९ फेब्रुवारी

राघूला खाज सुटली आहे. खांदे लाल दिसतात, चेहराही तांबूस. पायांवर पण काही तरी उठलंय. जयवंतीचं रक्त पुन्हा भांडायला उठलेलं दिसतंय. मलम वाढवलं.

११ फेब्रुवारी, शनिवार

त्याला दाखल केलं. खांद्यांवर फोड आले आहेत, त्यातून पाणी येतं. छाती आणि पाठ भाजल्यासारखी. गुडघ्यांवर एकेक चट्टा, पावलांवर एकेक. टाळूवरही. डॉक्टर श्रीदेवींनी भिंग लावून पाहिलं, कातडीचा बारीकसा तुकडा तपासायला घेतला.

"उन्हात गेला होतात?"

"नाही डॉक्टर," राघू पटकन म्हणाला.

मी तोंड उघडलं होतं, पण तो नाही म्हणाल्यावर मिटलं. कोवळ्या उन्हाला कोण ऊन म्हणतं?

"काही लावलं अंगाला? तेल, उटणं, काही पाला?"

"नाही."

"मग हे विचित्र आहे," त्या म्हणाल्या. दात्याच्या पेशी असा अचानक हल्ला करत असतील तर सोमवारपासून एक मोठं औषध सुरू करावं लागेल. त्याने सगळीच प्रतिकारशक्ती खाली जाते. मग साधा खोकलासुद्धा जिवावर बेतू शकतो. पण कातडी अशीच जात राहिली तर दुसरा इलाज नाही.

जयवंती दुकानातून तशीच धावत आली. राघूचे खांदे पाहिले. मग चादर वर करून पावलं पाहिली, गुडघे पाहिले. चादर खाली सोडली, नीट सारखी केली आणि माझ्याकडे बघत राहिली. शरमेने असणार. भावाला जीवदान दिलं म्हणून मिरवत होती, तेच रक्त त्याला सोलतंय.

मी तिला व्हरांड्यात गाठून सांगितलं, "जया, काही दिवस तू येऊ नकोस. तुला बघून त्याला त्रास होतो. तुझ्याच रक्ताने केलंय हे." त्रास होतो वगैरे मी मनचंच घातलं.

ती म्हणाली, "सेरी, वैनी." तिचे डोळे भरले होते. मला आतून थंड वाटलं. खोटं कशाला लिहू?

१४ फेब्रुवारी

ते मोठं औषध डॉक्टरांनी आयत्या वेळी रद्द केलं. काल सकाळी बाटली लागायची होती, ती लागलीच नाही. त्याऐवजी गोळ्या, मलम, थंड पाण्याच्या ओल्या पट्ट्या. कारण सांगितलं नाही, फक्त म्हणाल्या, "थोडं थांबून बघू." देवाचीच कृपा.

पट्ट्या मी ठेवते. दुसरं कुणी येत नाही. हेच तर मला हवं होतं.

१९ फेब्रुवारी, रविवार

फोड बसताहेत. उद्या घरी सोडतील.

राघू दिवसभर दाराकडे बघत होता. रविवार ना. जेवण अर्धं टाकलं. मी कारल्याची पिटलै करून आणली होती, तिच्यासारखी, म्हणजे मला वाटलं होतं तिच्यासारखी. दोन घास खाऊन म्हणाला, "पावम् जया. तिला वाटत असेल तिनेच केलं." पावम् म्हणजे बिचारी. मला कधी कुणी पावम् म्हणालं नाही.

संध्याकाळी अंग पुसून मलम लावायला बसले. आता सूज उतरल्यामुळे चट्टे स्पष्ट दिसतात. टाळूवर एक. खांद्यांवर दोन, वर रुंद, खाली निमुळते. गुडघ्यांवर दोन. पावलांवर दोन. डाव्या खांद्यावरचा सगळ्यांत काळा, आणि त्याच्या बाजूला अंगठ्याने ओढल्यासारखा पट्टा.

माझा हात थांबला.

राघूने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. डॉक्टरांना दोनदा नाही म्हणाला तो माझ्यासाठी.

हे जयवंतीच्या रक्ताने केलं नाही. मी केलं. माझं स्वतःचं म्हणून एवढंच राहिलं होतं, ती कातडी, आणि मी तिलाच चीक चोळला.

२१ फेब्रुवारी

राघूला काल घरी आणलं. आज ऑफिसला न जाता एकटीच डॉक्टर श्रीदेवींकडे गेले. वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं. पहिलं वाक्य, दुसरं वाक्य. पण त्यांनीच सुरुवात केली.

"बरं झालं आलात. तुमच्या नणंदेला जरा समजावा. त्या शनिवारीच संध्याकाळी माझ्याकडे आली होती. रडत होती. पानं मीच ठेवली, गच्चीवर उन्हात मीच बसवलं, म्हणाली. मी फार बोलले तिला. शिकलेली माणसं तुम्ही! भावाला मारायला निघालात का, असंही म्हटलं. पण सांगितलं हे बरं केलं. तुकड्याचा रिपोर्टही तिच्या सांगण्याशी जुळला. नाही तर आम्ही ते औषध दिलं असतं."

मान हलवली आणि बाहेर आले.

तिथूनच बस पकडून जॉर्ज टाउनात गेले. कृष्णस्वामी गिऱ्हाइकाशी बोलत होते. जयवंती आत कागदाच्या गठ्ठ्यांमागे बसली होती. मला पाहून घाबरली. "अण्णा?"

"अण्णा बरा आहे. तू डॉक्टरांना खोटं का सांगितलंस?"

ती कागदाचा गठ्ठा सारखा करत राहिली.

"राघूने सांगितलं तुला?"

"अण्णाने मज कांहीं नाही सांगिटलं," ती म्हणाली. "पान कुठे कुठे ठेवतात तें मज ठाऊक नाही काय? लहानपणीं अम्माला मीच एकेक काढून द्यायची. चादर उचललीं तसं कळलं."

"मग माझं नाव का नाही घेतलंस?"

"तुम्हांला रोज त्या डॉक्टरासमोर उभं राहायचं आहे, वैनी. मज ओरडतील, सोडतील. तुम्हांला ओरडले तर तुम्ही कुठे जाल?" मग म्हणाली, "तुम्ही मुद्दाम थोडंच केलं."

एवढं बोलून तिने मला कॉफी दिली. पितळी पेला-डवऱ्यात, वरपर्यंत फेस. तीही चांगली होती.

परत येताना बसमध्ये मला असा राग आला की काय सांगू. दोन भावंडं. एकमेकांशी एक अक्षर न बोलता दोघांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं. तिथेही सहापैकी सहा. रक्त तिचं, कारलं तिचं, सण तिचा. राहता राहिली माझी चूक, तीही उचलून नेली. आता डॉक्टरांच्या लेखी मी कोण? शहाणी, सोशिक बायको, जिच्या नवऱ्याला नणंदेने भाजलं.

मला नको ते शहाणपण. माझं मला परत हवं.

२७ फेब्रुवारी

आज तपासणी होती. जयवंतीला मीच फोन करून बोलावलं. म्हटलं, ये, तुझ्याशिवाय जमणार नाही. घाबरत घाबरत आली.

डॉक्टर श्रीदेवींनी तिला पाहून कपाळाला आठी घातली. मी म्हटलं, "डॉक्टर, पानं मी ठेवली. हिने फोन करून नको म्हणून सांगितलं होतं, तरी ठेवली. उन्हातही मीच बसवलं, आमच्या गावची रीत म्हणून. ही तिथे नव्हतीच."

"वैनी, ऐयो, राहूं द्या," जयवंती कुजबुजली.

"तू गप्प बस," मी म्हटलं. "हे माझं आहे."

मग मला जे ऐकावं लागलं ते लिहीत नाही. व्हरांड्यातल्या लोकांनीही ऐकलं असेल. मी मान वर ठेवून ऐकलं. राघू खाली बघत होता, पण मला वाटतं तो हसत होता. डोळे मिटून. तो आधीही असाच हसायचा. मला आता आठवलं, मिरजेला, बाबांसमोर.

५ मार्च, रविवार

जयवंती आली होती. फडकं, चपला, हात कोपरापर्यंत, सगळं नेहमीसारखं. स्वयंपाकघरात गेली नाही, बाहेरच बसली. मीच म्हटलं, कारली आणून ठेवली आहेत, चिर. माझी बिघडतात.

डॉक्टर म्हणाल्या, बाकीचे चट्टे पुसट होतील, डाव्या खांद्यावरचा राहील बहुतेक.

दुपारी मी मलम घेऊन बसले. राघू पालथा पडला. जयवंती दारात उभी राहून बघत होती. लहान असताना ती सासूबाईंना पानं काढून द्यायची ते मला दिसल्यासारखं झालं. मग ती म्हणाली, "मी लावूं का, वैनी?"

माझा हात मलमाच्या डबीवर घट्ट झाला. आठ वर्षं काय, आठ जन्म गेले तरी हा स्वभाव जायचा नाही.

सरकून तिला जागा दिली. डबी मधे ठेवली.

उजवा खांदा तिला दिला. डावा नाही दिला.